लाइपझिगच्या श्रेबर बागा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या टोमॅटोंचे फोटो बघून नातेवाइकांनी, मैत्रिणींनी आणि इथे नव्याने आलेल्या मराठी मंडळींनी वेळोवेळी जे विचारलं, ते सगळं एका जागी लिहून ठेवते आहे. "जर्मनीत जमीन घेतलीस म्हणे?" हा त्यातला सगळ्यात लाडका प्रश्न. घेतलेली नाही. खंडाने कसते आहे. आणि या एका फरकातच या बागांचा अर्धा इतिहास आहे, म्हणून उत्तरं थोडी लांबली आहेत.

श्रेबर बाग म्हणजे नक्की काय?

शहरातल्या एखाद्या मोठ्या मोकळ्या जागेचे छोटे छोटे तुकडे पाडलेले असतात. जमीन बहुतेक वेळा नगरपालिकेची असते, कधी रेल्वेची, चर्चची किंवा खाजगी मालकाचीही. ती बागकऱ्यांचा नोंदणीकृत संघ खंडाने घेतो आणि आपल्या सभासदांना एकेक तुकडा लावून देतो. प्रत्येक तुकड्याला कुंपण, आत भाजीचे वाफे, सफरचंदाची किंवा चेरीची एक-दोन झाडं, थोडी हिरवळ आणि कोपऱ्यात एक लाकडी खोपटं. या खोपटाला 'लाउबे' म्हणतात.

कायद्यात या बागेचं नाव 'क्लाइनगार्टन' म्हणजे छोटी बाग असं साधंसुधं आहे. लोकांच्या तोंडी मात्र 'श्रेबरगार्टन' बसलेलं आहे. तुकडा ४०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसावा असा नियम. म्हणजे चार गुंठ्यांना जेमतेम कमी. पुण्याकडचे मित्र लगेच 'गुंठामंत्री' म्हणून चिडवतात, पण इथे विकायला काहीच हातात नसतं, त्यामुळे मंत्रिपदाला काही अर्थ नाही.

परसबाग म्हणावं तर ती घरामागे नाही; घर तिसऱ्या मजल्यावर आणि बाग ट्रामने पंधरा मिनिटांवर. शेत म्हणावं तर पिकलेलं बाजारात नेऊन धंदा करता येत नाही. आणि फार्महाऊस तर नाहीच, कारण तिथे राहायला बंदी आहे.

पण लाइपझिगच का? बागा तर सगळ्या जर्मनीत आहेत.

आहेत. देशभरात मिळून नऊ लाखांच्या आसपास तुकडे आहेत. पण 'श्रेबर' हे नाव लाइपझिगचं, त्या नावाचा पहिला संघ लाइपझिगचा आणि या बागांचं संग्रहालयही लाइपझिगलाच. सहा लाखांच्या या शहरात आजही पावणेतीनशेच्या आसपास बागसंघ आणि ३९ हजारांच्या घरात तुकडे आहेत. सगळं क्षेत्र मिळून बाराशे हेक्टरच्या वर, म्हणजे तीन हजार एकर. शहराच्या नकाशावर या जागा हिरव्या रंगात पाहिल्या की कुणीतरी गालिच्याला ठिगळं लावल्यासारखी दिसतात: रेल्वेच्या रुळांलगत, नदीकाठी, कारखान्यांच्या मागे. जिथे घरं बांधणं परवडत नव्हतं किंवा अजून सुचलं नव्हतं तिथे.

श्रेबर म्हणजे या बागा सुरू करणारा माणूस ना?

नाही. हे उत्तर मी इतक्या वेळा दिलं आहे की आता खिशात छापून ठेवावं असं वाटतं.

डॉ. मोरित्झ श्रेबर (१८०८–१८६१) हा लाइपझिगचा डॉक्टर. १८४४ पासून तो इथे अस्थिरोगांचं एक रुग्णालय चालवत होता. दुसऱ्याच वर्षी शहरातला व्यायामसंघ सुरू करण्यातही त्याचा पुढाकार होता. घरातल्या घरात करायच्या व्यायामावरचं त्याचं १८५५ चं पुस्तक तर अफाट खपलं. कारखाने वाढत होते, गल्ल्या दाटत होत्या, मुलं वाकलेल्या पाठीची आणि पांढुरक्या चेहऱ्याची होत चालली होती. त्यावर श्रेबरचं म्हणणं असं, की शहरातल्या मुलांना उघड्यावर खेळायला मैदानं हवीत आणि खेळावर लक्ष ठेवायला जाणती माणसं हवीत. मैदानं. भाजीचे वाफे नव्हेत. कोबी, बटाटा, सफरचंद यातलं काहीही त्याच्या मनात नव्हतं.

त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. मुलांनी ताठ बसावं म्हणून त्याने पट्टे आणि लोखंडी आडकाठ्या लावलेली उपकरणं बनवली होती. लिहिताना मूल पुढे झुकू लागलं की टेबलाला लावलेली आडकाठी त्याच्या छातीला अडे. एकात तर मान खाली गेली की केस ओढले जातील अशी सोय होती. आपल्याकडचे छडीवाले गुरुजी याच्यापुढे मवाळ वाटावेत. तेव्हा 'मुलांचा कनवाळू डॉक्टर' हे चित्र जरा सांभाळूनच पाहावं.

श्रेबर १८६१ च्या नोव्हेंबरात वारला. त्याच्या नावाची पहिली बाग उभी राहिली ती सात वर्षांनी.

मग सुरुवात केली कुणी?

खरं तर एका शाळेच्या पालकसभेने.

एर्न्स्ट इनोसेन्झ हाउशिल्ड हा लाइपझिगमधल्या एका नगरशाळेचा मुख्याध्यापक. जन्म श्रेबरच्याच वर्षीचा, १८०८ चा. शाळा आणि पालक यांनी एकत्र बसावं, मुलांच्या वाढीबद्दल बोलावं, त्यांच्यासाठी मैदान मिळवावं, या हेतूने त्याने १० मे १८६४ रोजी एक संघ काढला. 'शाळासंघ' किंवा 'शिक्षणसंघ' असं सरकारी वाटणारं नाव नको म्हणून नुकत्याच वारलेल्या श्रेबरच्या स्मरणार्थ त्याला 'श्रेबर संघ' म्हटलं. एवढंच नात्याचं मूळ. एखाद्या पतपेढीला लोकमान्यांचं नाव द्यावं तसं.

पुढच्या वर्षी, २५ मे १८६५ रोजी, योहानापार्कच्या कडेला पहिलं 'श्रेबर मैदान' खुलं झालं. योहानापार्क ही जागा आजही आहे. एका बँकरने आपल्या अकाली गेलेल्या मुलीच्या, योहानाच्या, आठवणीत ते उद्यान उभारलं. मैदानावर मुलं खेळत, काठावर आया बसत. हाउशिल्ड मात्र १८६६ च्या ऑगस्टमध्ये वारला. म्हणजे नाव ज्याचं त्यानेही बाग पाहिली नाही आणि संघ ज्याचा त्यानेही नाही.

मग येतात हाइनरिश कार्ल गेझेल. निवृत्त शिक्षक, मैदानावर मुलांचे खेळ घेत. १८६८ मध्ये त्यांना वाटलं, नुसतं धावण्यापेक्षा मुलांनी माती हाताळावी, बी पेरावं, उगवलेलं पाहावं. म्हणून मैदानाच्या कडेने त्यांनी छोटे छोटे वाफे आखले. 'मुलांचे वाफे' असंच त्यांना म्हणत.

आता ज्याच्या घरी मूल आहे त्याला पुढचं सांगायची गरज नाही. पहिल्या आठवड्यात झारीवरून भांडणं. तिसऱ्या आठवड्यात वाफ्यांत तण. कंटाळलेली मुलं चेंडूकडे परतली आणि काठावर बसलेल्या आईबापांना ते तण बघवेना. त्यांनी खुरपं हातात घेतलं ते घेतलंच. 'मुलांच्या वाफ्यां'चे 'कुटुंबाचे वाफे' झाले, त्यांना कुंपणं आली, मग पावसात आडोसा हवा म्हणून खोपटं आली. दोनेक वर्षांत शंभरेक वाफे झाले आणि त्यांना लेखी नियमावलीही आली. जर्मन माणसाचा खुरप्यावर जितका जीव, तितकाच नियमावलीवर.

मला या गोष्टीत सगळ्यात गंमत वाटते ती हीच, की ही मोठी चळवळ म्हणे, पण तिच्या मुळाशी आहे मुलांनी अर्धवट टाकलेला गृहपाठ.

त्याआधी शहरात बागा नव्हत्याच का?

होत्या की. खुद्द लाइपझिगमध्येच योहानिस्टाल नावाची बागवस्ती १८३२ पासून आहे. शहराच्या पूर्वेला एका जुन्या रुग्णालयाच्या मालकीच्या, वाळू उपसून खड्डे पडलेल्या जागेवर नगरपालिकेतल्या एका सदस्याने, मोरित्झ झेबुर्गने, नागरिकांसाठी बागा आखून घेतल्या. ही जागा आजही टिकून आहे आणि श्रेबर संघापेक्षा बत्तीस वर्षांनी मोठी आहे. पण 'योहानिस्टाल बाग' हे नाव देशभर गेलं नाही, 'श्रेबर' गेलं.

त्याहून मागे जायचं तर जर्मनीच्या पार उत्तरेला श्लाय खाडीवरच्या काप्पेलन गावात १८१४ साली तिथल्या पाद्र्याने चर्चच्या जमिनीचे तुकडे करून लोकांना भाड्याने दिले होते. त्या भागात 'गरिबांच्या बागा' हा प्रकारच रूढ झाला. भीक देण्यापेक्षा जमिनीचा तुकडा द्यावा, घरचं पोट घरच्या बटाट्यावर भरावं, हा हिशेब. पुढे कारखान्यांनी कामगारांसाठी, रेड क्रॉसने बर्लिनमधल्या गरीब कुटुंबांसाठी, रेल्वेने रुळांकाठी आपल्या नोकरांसाठी बागा काढल्या. म्हणजे आजच्या बागेत निदान दोन रक्तं आहेत. एक भुकेचं, उत्तरेकडून आलेलं. दुसरं आरोग्याचं आणि शाळेचं, ते लाइपझिगचं. म्हणूनच लाइपझिगच्या जुन्या बागांमध्ये मधोमध मुलांचं मैदान असतं आणि बर्लिनच्या जुन्या बागवस्त्यांत ते असेलच असं नाही. सुट्टीत शहरातल्या अशक्त मुलांना या मैदानांवर बोलावून दूध-पाव देण्याची प्रथाही लाइपझिगच्या संघांनी बरीच वर्षं पाळली.

फ्रॉइडने ज्याच्यावर लिहिलं तो श्रेबर हाच का?

त्याचा मुलगा. डॅनियल पॉल श्रेबर, ड्रेस्डेनच्या वरिष्ठ न्यायालयातला न्यायाधीश. त्याला गंभीर मानसिक आजार झाला आणि १९०३ मध्ये त्याने स्वतःच्या आजाराच्या आठवणी छापल्या. फ्रॉइडने त्याला कधी न भेटता केवळ त्या पुस्तकावरून १९११ मध्ये आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. बापाच्या पट्ट्यांनी आणि आडकाठ्यांनी मुलाचं डोकं फिरवलं असं नंतरच्या काही अभ्यासकांनी मांडलं, इतरांनी ते खोडलं. बागांचा याच्याशी संबंध नाही.

पहिली जागा अजून आहे का?

योहानापार्कच्या कडेची नाही. शहराचा पश्चिम भाग तेव्हा झपाट्याने बांधला जात होता, जमिनीचे भाव चढत होते, आणि मैदान-वाफे हे सगळं १८७६ मध्ये उचलून आखेनर रस्त्यावर न्यावं लागलं. तिथे ते आजही आहे. संघाची वास्तू १८९६ ची. तिच्यातच १९९६ पासून जर्मन छोट्या बागांचं संग्रहालय आहे. सगळा परिसर संरक्षित वारसा आहे.

'उचलून न्यावं लागलं' हे वाक्य लक्षात ठेवा. पहिल्या आठ वर्षांतच या बागांना कळलं, की आपण परक्याच्या जमिनीवर आहोत आणि बिल्डर आला की आपलं चंबूगबाळं आवरावं लागणार. पुढचं सगळं राजकारण या एका भीतीभोवती फिरतं.

ही भीती गेली कशी?

पहिल्या महायुद्धामुळे. १९१६-१७ चा हिवाळा जर्मनीत 'सलगमचा हिवाळा' म्हणून ओळखला जातो. बटाट्याचं पीक बुडालं, समुद्रातून येणारा माल इंग्रजांच्या नाकेबंदीने तोडला, आणि एरवी गुरांना घालायचा सलगमसारखा कंद लोकांनी सकाळ-संध्याकाळ खाल्ला. त्या दिवसांत ज्याच्याकडे वाफा होता तो थोडा तरी तगला. तोवर जी बाग मध्यमवर्गाची हौस समजली जायची, ती एकदम अन्नखात्याचा विषय झाली.

युद्ध हरल्यावर, ३१ जुलै १९१९ रोजी, नव्या प्रजासत्ताकाने छोट्या बागांचा पहिला देशव्यापी कायदा केला. त्यात दोन गोष्टी कळीच्या. मालकाला मन मानेल तसा खंड लावता येणार नाही, आणि मन मानेल तेव्हा बागकऱ्याला उठवता येणार नाही. शिवाय मधले दलालही हटवले. विशेषतः बर्लिनमध्ये एकजण मोठी जमीन ठोक खंडाने घेई आणि तुकडे पाडून चढ्या दराने लावी; ते काम आता नफा न कमावणाऱ्या संघांकडे आलं.

मराठी वाचकाला हे ऐकून आपला कुळकायदा आठवेल, आणि आठवायलाच हवा. फरक एकच, पण मोठा. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला कसणारं कूळ जमिनीचं मालक झालं. इथे कूळ कूळच राहिलं, पिढ्यान्पिढ्या, आणि तरी त्याला सहसा कुणी हलवू शकत नाही. मालकी नाही म्हणून विकणं नाही, विकणं नाही म्हणून सट्टा नाही. आपल्याकडच्या कुळकायद्याच्या जमिनींवर पुढे किती इमारती उभ्या राहिल्या ते पाहिलं, की इथली ही अर्धवट वाटणारी व्यवस्था मला जास्त शहाणी वाटते. मतभेद असू शकतात. माझ्या सासऱ्यांचे आहेत.

नाझींच्या काळात काय झालं?

१९३३ मध्ये सगळे संघ एका सरकारी छत्राखाली कोंबले. निवडून आलेल्या समित्या गेल्या, वरून नेमलेले पुढारी आले. ज्यू सभासदांना आणि विरोधकांना हाकललं. त्याच वेळी या खोपटांनी काही जीव वाचवलेही. पुढे पश्चिम जर्मनीच्या टीव्हीवर घराघरांत पोचलेला निवेदक हान्स रोझेन्थाल हा ज्यू मुलगा १९४३ पासून युद्ध संपेपर्यंत बर्लिनमधल्या एका बागवस्तीत लपून राहिला होता, तिथल्या बायकांच्या आधाराने. लाइपझिगवर ४ डिसेंबर १९४३ च्या पहाटे मोठा हवाई हल्ला झाला. युद्धाच्या शेवटच्या वर्षांत जर्मन शहरांतल्या बेघर झालेल्या किती तरी कुटुंबांनी बागेतल्या खोपटांतच संसार मांडले, आणि ते पुढेही बरेच दिवस हलले नाहीत.

साम्यवादी पूर्व जर्मनीत खाजगी बागा चालत कशा होत्या?

सुरुवातीला नाक मुरडूनच. आपापल्या कुंपणात आपापली सफरचंदं हे पक्षाच्या लेखी क्षुद्र मध्यमवर्गीय खूळ होतं. पण दुकानांत फळभाजीचा तुटवडा आणि इकडे हजारो लोक फुकट राबायला तयार. हे गणित कुठल्याही सरकारला कळतं. नोव्हेंबर १९५९ मध्ये लाइपझिगमध्येच बागकरी, घरवस्तीवाले आणि कोंबड्या-ससे पाळणारे या सगळ्यांची मिळून एक देशव्यापी संघटना काढली गेली. पुढे तिचे दहा लाखांहून जास्त सभासद झाले. एवढ्या माणसांना पक्षाच्या सभेला आणणं अवघड, बागेच्या सभेला ती आपोआप येतात.

या काळातली एक गोष्ट इथले म्हातारे अजून हसत हसत सांगतात. बागेतला माल सरकारी दुकान विकत घेई, तो उत्तेजन म्हणून चढ्या भावाने. आणि तोच माल गिऱ्हाइकाला विके, तो जनतेला परवडावा म्हणून उतरत्या भावाने. त्यामुळे सकाळी अंडी किंवा ससे पुढच्या दाराने विकायचे आणि नंतर तेच स्वस्तात परत आणायचे, फरक खिशात, असा उद्योग करणं शक्य होतं. अर्थशास्त्र शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

पण भाजीपेक्षाही मोठं काही या बागांनी दिलं असं मला ते म्हातारे बोलतात तेव्हा वाटतं. ज्या देशात बाहेर फिरायला जाता येत नव्हतं, तिथे शनिवारी दुपारी आपल्या मर्जीने रंगवलेलं एक दार उघडता येत होतं. माझ्या शेजारच्या आजोबांच्या खोपट्याची खिडकी कारखान्यातून आली, दार पाडलेल्या शाळेतून, आणि पत्रा कुठून आला ते ते सांगत नाहीत.

भिंत पडल्यावर?

जर्मनी एक झाली आणि पश्चिमेचा १९८३ चा बागकायदा पूर्वेलाही लागू झाला. पश्चिमेच्या मापाने पूर्वेची बरीच खोपटं फार मोठी होती. ती पाडायला लावली असती तर दंगल झाली असती. म्हणून आधीपासून असलेल्यांना संरक्षण दिलं.

मोठा फटका वेगळाच बसला. कारखाने बंद पडले, तरुण पश्चिमेला गेले. १९८९ मध्ये सव्वापाच लाखांच्या वर असलेल्या लाइपझिगने दहा वर्षांत जवळजवळ लाखभर माणसं गमावली. बागकरी म्हातारे होत गेले आणि तुकडे ओस पडू लागले. कुंपणावर हॉप्सचे वेल, खोपटाचं छत बसलेलं. दीड दशकापूर्वी फुकट घ्या पण घ्या अशी परिस्थिती होती. मग शहर पुन्हा भरू लागलं, आणि २०२० च्या टाळेबंदीत चार भिंतींत अडकलेल्या प्रत्येकाला एकाच वेळी बाग हवीशी झाली. आज शहराच्या मध्याजवळच्या संघांकडे थांबून राहावं लागतं. कडेच्या, ट्राम न जाणाऱ्या संघांत तुलनेने लवकर नंबर लागतो.

एवढे नियम कशासाठी? स्वतःची बाग आणि दुपारी गवतही कापायचं नाही?

दुपारी एक ते तीन शांतता, ही बहुतेक संघांची रीत आहे. रविवारी दिवसभर. कुंपण फार उंच नको, म्हणजे वाटेने जाणाऱ्याला आत दिसलं पाहिजे. देवदार, अक्रोड असली मोठी होणारी झाडं नकोत. वर्षाला ठरावीक तास सामायिक काम करायचं, म्हणजे वाटा झाडणं, नळ दुरुस्त करणं. न केल्यास तासाला दंड.

यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम तिसऱ्या हिश्श्याचा. २००४ मध्ये सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितलं, की साधारण एक तृतीयांश जागेवर फळं-भाज्या पिकायलाच हव्यात, तरच ती 'छोटी बाग' ठरेल. नुसती हिरवळ, झोपाळा आणि भाजायची शेगडी असेल तर ती मौजेची बाग, आणि मौजेच्या बागेला कायद्याचं संरक्षण नाही, स्वस्त खंड नाही. म्हणजे तुमचा मुळा हा तुमचा एकट्याचा मामला नाही. संघातल्या पुष्कळांनी मुळे लावणं सोडलं, तर सगळ्यांच्या पायाखालची जमीन जाऊ शकते.

पहिल्या वर्षी मला हे कळलं नव्हतं. मी अर्ध्या जागेत मेथी लावली. पाहणीला आलेल्या समितीने वहीत 'तण' अशी नोंद केली आणि ते काढायला दोन आठवड्यांची मुदत दिली. मी मेथीची भाजी आणि भाकरी करून सभेला नेली. नोंद खोडली गेली. पुढच्या वर्षी समितीतल्याच एका बाईंनी बी मागितलं.

खोपटात राहता येतं का?

नाही. उन्हाळ्यात एखादी रात्र झोपलात तर कुणी हटकत नाही, पण कायमचं घर करता येत नाही. खोपट्याचं क्षेत्र पडवी धरून २४ चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण २५८ चौरस फूट. हे ऐकून मुंबईचे पाहुणे गप्प होतात. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची असते आणि त्यात तीन पिढ्या राहिल्या आहेत.

खर्च किती येतो?

खंड अगदी किरकोळ: चौरस मीटरला वर्षाला काही सेंट. त्या भागात व्यावसायिक फळभाजी शेतीला जो खंड चालतो त्याच्या चौपटीपेक्षा जास्त आकारता येत नाही. त्यात संघाची वर्गणी, विमा, पाणी-वीज मिळवली तरी वर्षाचा आकडा काही शे युरोंत बसतो. एकदाच मोठी रक्कम द्यावी लागते ती आधीच्या बागकऱ्याला, त्याच्या खोपट्याची आणि झाडांची. ती मनाला येईल तेवढी नसते. संघाचा मूल्यमापक झाडंसुद्धा मोजून ठरवतो. बाहेरून 'पगडी' मागणारे भेटतात. देऊ नका.

आपल्या भाज्या येतात का?

मेथी उत्तम. मुळा, लाल माठ, भोपळाही येतो. गवार सोडली तर बहुतेक शेंगा येतात. कोथिंबीर एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टच्या शेवटी पेरावी. जूनच्या लांबलचक दिवसांत ती पानं सोडून थेट फुलावर जाते. कढीपत्ता आणि अळू कुंडीत लावा आणि थंडी पडायच्या आत घरात घ्या.

आपल्याकडे मृगाची वाट बघतात, इथे 'बर्फाच्या संतां'ची. ११ ते १५ मे या पाच दिवसांना पाच संतांची नावं आहेत, शेवटची 'थंड सोफी'. ती जाईपर्यंत टोमॅटो बाहेर लावायचा नाही. मी एकदा लावला होता. पंधरा रोपं एका रात्रीत काळी पडली आणि शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून फक्त एक शब्द उच्चारला: "सोफी."

भारतात असं काही आहे का?

याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट मुंबईच्या प्रत्येक लोकलवाल्याने खिडकीतून पाहिलेली आहे. रुळांच्या कडेची पालक-माठाची हिरवीगार वाफ्यांची पट्टी. 'अधिक धान्य पिकवा' योजनेखाली रेल्वे आपल्या कर्मचाऱ्यांना ती जमीन भाडेपट्ट्याने देत असे. जर्मन रेल्वेच्या नोकरांच्या बागा हा अगदी तोच विचार. फरक असा, की मुंबईची पट्टी बाजारासाठी पिकायची आणि तिथल्या पाण्याबद्दल तक्रारी व्हायच्या. इथे विकायलाच बंदी आणि पाण्याचा मीटर संघाकडे.

पाहायला यायचं तर?

मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत या. बागांमधल्या वाटा दिवसा सगळ्यांना खुल्या असतात. कुंपणाच्या आत मात्र बोलावल्याशिवाय जायचं नाही. योहानापार्कपासून निघा, जिथे आता पहिल्या मैदानाची खूणही दिसत नाही, आणि तिथून उत्तर-पश्चिमेला आखेनर रस्त्यापर्यंत चालत जा, अर्धा-पाऊण तास लागतो. संग्रहालय रोज उघडं नसतं, आधी वेळ बघून घ्या. ते बंद असलं तरी संघाच्या उपाहारगृहाच्या अंगणात झाडाखाली बसता येतं, समोर मुलांना खेळायला मैदान आहे. आणि दुपारी एक ते तीनमध्ये आलात तर फोनवर हळू बोला.